आक्कांची मनी आणि लातूरची पिल्लं

मनी पिठाच्या डब्यावर बसली होती आणि खाली उतरायला तयार नव्हती. मला भाकरी थापायच्या होत्या. तवा तापून धूर सोडायला लागला होता. मी डब्याला हात लावला की ती पोटातून गुरगुरायची. इतकी वर्षं मी या मांजरीला रोज भाकरी चुरून घातली, पण त्या सकाळी तिच्या लेखी मीही शत्रूच होते.

आक्का देवघरातून म्हणाल्या, "बसू दे तिला वर. तिचं मन लागंना आजकाल घरात."

हे मला सांगितलं नव्हतं. बाजूच्या खोलीच्या बंद दाराला सांगितलं होतं.

दाराआडून प्रियंकावहिनींचा आवाज आला, "घाबरू नका रे. डब्यावर बसल्यानं घर कुणाच्या नावावर होत नसतं."

हे मांजरीच्या पिल्लांना सांगितलं होतं.

मी गॅस बारीक केला आणि तशीच उभी राहिले.

मी भाकऱ्या करणारी बाई आहे. स्वयंपाक करणारी वेगळी आणि भाकऱ्या करणारी वेगळी. मोठ्या घरांत भाजी, वरण, भात घरच्या बाया करतात आणि भाकरीला बाई लावतात, कारण ज्वारीची भाकरी जरा हात चुकला की बिघडते. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. ती गेली की भाकरी थापताना कडेनं चिरत जाते आणि तव्यावर टाकताना हातात तुकडे राहतात. मग पिठात उकळतं पाणी घालून ते मळावं लागतं. एवढीच माझी विद्या. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढचं सगळं परातीत.

हे घर पाथरीतलं. आप्पांचं सरकी-पेंडीचं दुकान आहे. सरकीतून, म्हणजे कापसाच्या बियांतून, तेल काढल्यावर जो चोथा राहतो ती पेंड, ती जनावरांना घालतात. घराच्या मागं पेंडीचं गोडाऊन आहे आणि गोडाऊन म्हटलं की उंदीर आले. म्हणून घरात दोन मांजरं. मनी ही आक्कांची. आक्का म्हणजे आप्पांच्या घरच्या, माझ्या मालकीण. दुसरा एक लठ्ठ बोका, त्याचं नाव आप्पांनी चेअरमन ठेवलंय. तो काही करत नाही. बसतो आणि सगळे त्याच्याकडे जातात. घर लिंगायत, अंडंसुद्धा आत येत नाही, त्यामुळे मांजरांनाही दूध-भाकरीच. गोडाऊनमध्ये ती काय खातात हे कोणी विचारत नाही. उंबऱ्याच्या आत आली की दोघंही शाकाहारी.

मी कोणाशी फारसं बोलत नाही. त्यामुळे माझ्यासमोर सगळे बोलतात. त्यांना मी आणि तवा सारखेच.

तर पिल्लं कशी आली ते सांगते.

प्रियंकावहिनी या घरच्या नव्या सूनबाई, महेशदादांच्या बायको. माहेर लातूर. नवी सून आखाडात माहेरी जाते आणि श्रावण लागला की परत येते. येताना शिदोरी आणते. शिदोरी म्हणजे टोपलीभर करंज्या, लाडू, अनारसे. सासू ती गल्लीत वाटते आणि वाटताना गल्ली टोपलीचं माप काढते. वहिनी आल्या तेव्हा जीपमधून दोन टोपल्या उतरल्या. आक्कांचा चेहरा फुलला. शेजारच्या चार बाया आधीच ओसरीवर येऊन बसल्या होत्या, सहज आल्यासारख्या. पहिल्या टोपलीत करंज्या निघाल्या. आक्का म्हणाल्या, "येवढ्यात कुठं भागतंय, दुसरी खोला." आणि त्यांनी स्वतःच दुसऱ्या टोपलीचं फडकं ओढलं.

आतून एक तांबडं पिल्लू बाहेर आलं आणि आक्कांच्या मांडीवर चढलं. पाठोपाठ एक करडं.

मग शेजारच्या गंगाबाई म्हणाल्या, "लातूरला करंज्या हालत्यात व्हय."

त्या दिवसापासून त्या घरात सासू-सुनेचं भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. दोघी एकमेकींशी गोडच बोलायच्या, आणि जे खरं बोलायचं ते मांजरांशी बोलायच्या.

आक्का मनीला कुरवाळत म्हणायच्या, "आपल्याला इचारल्याबिगर पावणे येतेत बाई. आपण काय म्हातारे."

वहिनी पिल्लांना दूध घालताना म्हणायच्या, "सावकाश प्या. इथं आवाज करून प्यायलेलं चालत नाही."

वहिनींनी पिल्लांची काहीतरी नावं ठेवली होती. आक्का त्यांना "लातूरची" म्हणायच्या. "लातूरची उठली का? लातूरचीला दूध दिलं का?" कधी पिल्लांचं विचारलंय आणि कधी सुनेचं, ते शेवटपर्यंत कोणाला कळू द्यायचं नाही, ही त्यांची खुबी.

मनीचं मात्र असं आडवळणी नव्हतं. तिनं पिल्लं दिसल्याबरोबर अंग फुगवलं, फिस्कारली आणि तांबड्याच्या नाकावर पंजा मारला. रक्त आलं. वहिनींनी पिल्लं उचलली आणि बाजूच्या खोलीत नेऊन दार लावलं.

संध्याकाळी त्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला आणि मला स्वयंपाकघरात येऊन नियम सांगितले. मला कशाला, तर आक्का पलीकडे वाती वळत बसल्या होत्या म्हणून.

"मावशी, नव्या पिल्लांना आधी वेगळी खोली द्यायची. आल्या आल्या समोर आणायचं नाही. त्यांना घराची सवय होऊ द्यायची. जुन्या मांजराचं ताट दाराच्या अलीकडे, पिल्लांचं पलीकडे. जेवताना एकमेकांचा वास आला की हळूहळू भीती जाते. कोणी घाई करायची नाही. जबरदस्ती तर अजिबात नाही."

पलीकडून वातीचा पीळ देता देता आक्का म्हणाल्या, "कांता, आमी आलो तवा आमाला येगळी खोली दिली होती का गं कोणी? आल्या दिवशी सासूबाईनी परात पुढं सारली. म्हणल्या, कर. आमी केली. कोणी गुरगुरलं का?"

त्यांच्या सासूबाई मरेपर्यंत गुरगुरत होत्या हे सगळ्या पाथरीला माहीत आहे. मी पीठ चाळत राहिले.

"अन् मनीचं ताट जिथं हाय तिथंच राहील," आक्का म्हणाल्या. "जुन्या माणसाची जागा हालवायची न्हाई."

त्यामुळे ताटाचा नियम पहिल्याच दिवशी बारगळला.

मग आप्पांनी हे प्रकरण हातात घेतलं. आप्पांचा सगळा जन्म मोंढ्यात गेला. बाजारात कसलाही वाद झाला की ते दोघांना समोरासमोर बसवतात.

"तुमी बाया उगंच लांबण लावायल्यात," ते म्हणाले. "घेणारा अन् इकणारा, दोगं एकमेकाच्या तोंडासमोर पायजेत. पाच मिंटात मिटतंय."

त्यांनी एका काखेत मनीला धरलं, दुसऱ्या तळहातावर तांबडं पिल्लू घेतलं आणि दोघांची तोंडं जवळ आणली. पाच मिनिटं लागली नाहीत. मनीनं आप्पांचा हात मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडला आणि पिल्लानं त्यांच्या धुवट धोतरावर मुतून घेतलं. आप्पांना इंजेक्शनचा कोर्स सुरू करावा लागला. कंपाउंडरनं विचारलं, "काय झालं?" आप्पा म्हणाले, "व्यवहारात झालं."

महेशदादांनी काय केलं ते सांगायचं राहिलं. त्यांनी काही केलं नाही. वहिनींनी विचारलं की ते म्हणायचे, "आईला इचार." आईनं विचारलं की म्हणायचे, "तिला इचार." मग ते दुकानात जायचे. चेअरमन आणि महेशदादा यांच्यात फरक काढायचाच तर एवढा होता की चेअरमन रोज पिल्लांच्या दारापुढे जाऊन बसायचा. फटीतून आत पंजा घालायचा. आतून एक बारका पंजा बाहेर यायचा.

इंजेक्शन दुखायला लागलं त्या रात्री आप्पांनी जेवताना निकाल दिला. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी या घरचे गुरू, स्वामी, घरी येणार होते. पाद्यपूजा होती. म्हणजे स्वामींचे पाय धुऊन पूजा करायची, आणि मग गल्लीला पंगत. घरात पाऊल ठेवायला जागा नसणार.

"सोमवारपस्तोर मांजरांचं जमलं तर ठीक," आप्पा म्हणाले. "न्हाईतर मंगळवारच्या गाडीनं महेश पिल्लं लातूरला सोडून येईल."

वहिनी वाढत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. त्या म्हणाल्या, "ह्यांना कशाला त्रास. मीच घेऊन जाते."

आप्पा जेवत राहिले. आक्कांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि पाणी न घेता खाली ठेवला. महेशदादांनी ताटातली भाकरी मोडायची थांबवली. घेऊन जाते म्हणाल्या, परत येते म्हणाल्या नाहीत. हे त्या घरात सगळ्यांना ऐकू आलं आणि सगळ्यांनी आमटी मागितली.

मला वाटत होतं त्या राहाव्यात. फार मोठं कारण नाही. मावशी, तुम्ही जेवलात का, असं त्या घरात मला विचारणाऱ्या त्या एकट्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी व्हिडिओतला पुढचा नियम काढला. फडक्याचा. पिल्लांच्या अंगावरून एक फडकं फिरवायचं आणि ते मनीच्या झोपायच्या जागी ठेवायचं. मनीच्या अंगाखालचं फडकं पिल्लांच्या खोलीत न्यायचं. मांजरं माणसासारखी तोंड बघून ओळखत नाहीत, वासावरून ओळखतात. भेटीच्या आधीच वास ओळखीचा झाला की निम्मं काम झालं.

आक्कांनी या नियमाला ताबडतोब हो म्हटलं. "दे की इकडं. मी ठिवते तिच्या जाग्यावर."

वहिनींना फार बरं वाटलं. रोज सकाळी त्या फडकं द्यायच्या, रोज आक्का न्यायच्या. रोज मनीचं फडकं आक्का आणून द्यायच्या आणि वहिनी ते पिल्लांपाशी ठेवायच्या. मनी फडक्यावर झोपायचीसुद्धा. वहिनी मला म्हणाल्या, "बघा मावशी, काम होतंय. फिस्कारत नाही आता फडक्याला."

मग एका सकाळी त्या दार किंचित उघडून बघायला गेल्या. मनीनं पहिल्या दिवसासारखंच अंग फुगवलं आणि धावून आली. दार लावता लावता वहिनींच्या पायाला नख लागलं. त्या बिचाऱ्या पुन्हा व्हिडिओ बघत बसल्या की आपलं कुठं चुकलं.

चूक दोरीवर वाळत होती. वहिनी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या तेव्हा त्यांना दोन्ही फडकी शेजारी शेजारी दिसली. स्वच्छ धुतलेली, निळीत बुचकळलेली.

मनीची जागा देवघराच्या पलीकडे आहे. बाजूच्या खोलीतून तिकडे जायचं तर देवघरावरून जावं लागतं. आणि मांजराच्या अंगाचं फडकं देवघरावरून न्यायचं म्हणजे आधी धुवावं लागतं, हे आक्कांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्या रोज पिल्लांचं फडकं साबणाच्या पावडरमध्ये भिजवून, धुऊन, वाळवून मनीला द्यायच्या. मनीचंही तसंच धुऊन पिल्लांना. इतके दिवस दोन्हीकडची मांजरं एकमेकांना साबणाचा वास पाठवत होती.

वहिनी खाली आल्या. या वेळी मांजराला मध्ये घ्यायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

"आक्का, तुम्ही फडकी धुता?"

"मग? घाण देऊ व्हय?"

"वासासाठी तर दिली होती मी."

"वास जावा म्हणूनच तर धुतेत माणसं."

आक्कांनी हे कावेबाजपणानं केलं नव्हतं. माझी खात्री आहे. त्यांना मनापासून वाटत होतं की आपण सुनेच्या कामात मदत करायलोय, तीही जरा जास्तच चोख. कावा करून केलं असतं तर वहिनींना भांडता आलं असतं. मदतीशी कसं भांडायचं.

त्या दुपारी वहिनींनी माळ्यावरची बॅग काढली. तिच्यावरची धूळ पुसली आणि ती पलंगाखाली ठेवली. मी पिल्लांना भाकरी द्यायला गेले होते म्हणून मला दिसली. त्यांनीही मला बघितलं. म्हणाल्या, "मंगळवारचं टायमिंग काय असतं हो मावशी, लातूरच्या गाडीचं?"

मी म्हटलं मला माहीत नाही. मला माहीत होतं.

सोमवार उजाडला आणि पहाटेच वहिनी बाजूला बसल्या. महिन्याच्या त्या दिवसांत बाईनं देवघर, स्वयंपाकघर, कशालाच शिवायचं नाही आणि एका खोलीत बसून राहायचं, ही त्या घरची रीत. मागच्या श्रावणात याच स्वामींनी याच ओसरीवर बसून सांगितलं होतं की आपल्या पंथात हा विटाळ मानत नाहीत. आक्कांनी हात जोडून ऐकलं होतं. स्वामींचं त्या सगळंच ऐकतात. ऐकणं झालं की उठतात आणि घरच्या रीतीनं करतात.

तर घरात पूजा, आणि घरची एकुलती एक सून बाजूच्या खोलीत पिल्लांबरोबर. आक्कांचं निम्मं मनुष्यबळ गेलं. त्यात मनी पुन्हा पिठाच्या डब्यावर. या वेळी डबा माझा नव्हता, पुरणपोळीच्या कणकेचा होता. चेअरमन चौरंगाखाली जाऊन झोपला होता.

आक्का सोवळ्यात होत्या, त्यांना हात लावता येईना. त्या ओरडल्या, "ह्या दोघांला कुठंतरी कोंडा आधी."

गोडाऊनमध्ये पंगतीसाठी सतरंज्या अंथरल्या होत्या. गच्चीवर आचारी होता. राहता राहिली एकच खोली. महेशदादांनी आतापर्यंतचं त्यांचं पहिलं काम केलं. एका हातानं चेअरमनला उचललं, मनीवर बारदान टाकून तिचं गाठोडं केलं, बाजूच्या खोलीचं दार उघडलं आणि दोघांना आत सोडलं.

"अहो, पिल्लं आहेत आत," वहिनी म्हणाल्या.

"दिवसभराचाच तर प्रश्न हाय," दादा म्हणाले आणि त्यांनी बाहेरून कडी घातली. मांजरं बाहेर येऊ नयेत म्हणून. आत बायको आहे हे त्यांच्या लक्षात होतं की नव्हतं, मी सांगू शकत नाही.

पंगतीत भाकरी नव्हती, त्यामुळे मी रिकामी होते. खोलीत ताट नेऊन द्यायची ड्युटी माझ्याकडे आली.

सकाळी चहा घेऊन गेले तेव्हा मनी कपाटावर होती. शेपटी बाटल्या घासायच्या ब्रशाएवढी झालेली. पोटातून आवाज काढत होती. पिल्लं पलंगाखाली, भिंतीला चिकटून. चेअरमन त्या बॅगेवर झोपलेला, बॅग आता भरलेली. वहिनी मनीकडे डोळे लावून, हातात उशी धरून बसल्या होत्या. मनीनं उडी मारली तर मध्ये घालायला.

"मावशी, मोबाईलला चार्जिंग नाही. चार्जर हॉलमध्ये आहे, तेवढा आणता?"

चार्जर पूजेच्या चौरंगाजवळच्या बोर्डात होता आणि बोर्डावर आता दिव्यांची माळ लावलेली. मी आक्कांकडे बघितलं. आक्का म्हणाल्या, "पूजा होऊ दे." त्यामुळे मोबाईल बंद पडला, आणि मोबाईलबरोबर सगळे नियमही.

दुपारच्या आधी पाणी द्यायला गेले. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. उशी खाली गेली होती. झोपल्या नव्हत्या, खांदे हलत होते. मनी कपाटावरून खिडकीत आली होती आणि बाहेर कावळे बघत होती. चेअरमननं करड्या पिल्लाची मान पंजाखाली दाबून त्याचे कान चाटायला घेतले होते. पिल्लाला ते आवडलेलं दिसत नव्हतं, पण चेअरमनला नाही कोण म्हणणार.

तिसऱ्या वेळी मांजरांसाठी दूध-भाकरी नेली. एकाच ताटलीत. घरातली सगळी ताटं-वाट्या पंगतीला गेल्या होत्या. प्रत्येकाचं भांडं वेगळं हवं, हाही एक नियम होता, ते मला आठवत होतं. मी दारात थबकले.

वहिनी उठून बसल्या. डोळे सुजलेले. "ठेवा मावशी," म्हणाल्या. "ज्याला खायचं ते खाईल."

मी ताटली जमिनीवर ठेवली. चेअरमन आधी आला. मग मनी खिडकीतून उतरली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. ती खायला लागल्यावर तांबडं पिल्लू पलंगाखालून आलं आणि त्यानं सरळ ताटलीत पाय घातला. मनीनं त्याला एक चापट मारली. नखं आत होती. पिल्लू मागं सरून बसलं, पायाला लागलेलं दूध चाटलं आणि पुन्हा पाय घातला.

मनीनं तोंड जरा बाजूला घेतलं. तेवढंच. मग करडंही आलं आणि चौघंही खात राहिली.

मी आणखी काहीतरी होईल म्हणून बघत राहिले. झालं नाही. जिच्यासाठी आप्पांनी इंजेक्शनं घेतली ती ओळख एवढीच होती. वहिनींनीही बघितलं. पण त्यांना त्याचं काही वाटल्यासारखं दिसलं नाही. बॅग भरून ठेवलेली तशीच होती.

दिवेलागणीला स्वामी आले. पाद्यपूजा झाली. ओसरी माणसांनी भरली होती. स्वामी भस्माचं बोट प्रत्येकाच्या कपाळाला लावत होते. लावता लावता त्यांनी सहज विचारलं, "सूनबाई दिसत न्हाईत."

आप्पा आक्कांकडे बघायला लागले. महेशदादा माळेतला बंद पडलेला दिवा बघायला लागले. गंगाबाई आणि बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून थांबल्या.

मागच्या वर्षीचं स्वामींचं बोलणं आक्कांना आठवलं असणार. त्या म्हणाल्या, "मांजरांपाशी बसवलंय तिला. नवी पिल्लं हायेत. जुनी मांजर त्यांना फाडून खाती, कोणीतरी पायजे ना राखायला."

"मुक्या जिवाचं येवढं करता, चांगलंय," स्वामी म्हणाले. "घटकाभर बोलवा तिला. प्रसाद घेऊन जाईल."

आता नाही म्हणायची सोय नव्हती. आक्का मला म्हणाल्या, "कांता, जा. तिला म्हणावं ये."

मी कडी काढली. वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कोण बोलावतंय?"

"स्वामी."

"आणि आक्का?"

मी कडीकडे बघितलं.

"आक्कांना म्हणावं, दाराला बाहेरून कडी होती. कडी घालताना कोणी मावशींना पाठवलं नव्हतं. बोलवायचं असेल तर त्यांनी यावं."

मी ओसरीवर परत आले. सगळी ओसरी माझ्याकडे बघत होती. मला चार माणसांत पाणीसुद्धा मागता येत नाही आणि हा निरोप सांगायचा होता. मी आक्कांपुढे नुसती उभी राहिले. आक्कांनी माझ्याकडे बघितलं, थोडा वेळ बघितलं, आणि हातातली प्रसादाची परात गंगाबाईकडे देऊन त्या उठल्या.

मी त्यांच्या मागं गेले. दार उघडंच होतं. आक्का उंबऱ्याच्या बाहेर थांबल्या. आत पलंगावर वहिनी, पायथ्याशी मनी बसलेली, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर तांबडं पिल्लू पाय वर करून झोपलेलं. आक्का सुनेच्या आधी मनीकडेच बघत राहिल्या.

"ही गप कशी काय बसली गं?"

"दिवसभर तिला कोणी काही म्हणलं नाही," वहिनी म्हणाल्या.

ओसरीवरून आप्पांची हाक आली. आक्कांनी तिकडं लक्ष दिलं नाही.

"चल," त्या म्हणाल्या.

"मी बाजूला बसलेय ना."

"स्वामी बोलवायलेत."

"ते मला मावशींनी सांगितलं."

मला वाटलं आता आक्का मनीला काहीतरी म्हणतील. त्यांची तशी सवयच होती. मनीकडे त्यांनी बघितलंही. पण मनी त्यांच्याकडे बघत नव्हती.

"मी बोलवायले," आक्का म्हणाल्या. "ऊठ. केस नीट कर. पोळ्या वाढायला माणूस न्हाई, माझे गुडघे गेले सकाळपसनं."

वहिनी उठल्या. केस नीट केले. उंबरा ओलांडून सासूच्या पाठोपाठ ओसरीवर गेल्या, स्वामींना नमस्कार केला, भस्म लावून घेतलं आणि पंगतीला पोळ्या वाढल्या. स्वामींच्या देखत वाढल्या, त्यामुळे गल्लीत कोणाला काही म्हणता आलं नाही. गंगाबाईंनी दोन पोळ्या मागून घेतल्या.

मंगळवारची गाडी गेली. वहिनी गेल्या नाहीत. बॅग आणखी काही दिवस पलंगाखालीच होती आणि चेअरमन तिच्यावर झोपायचा. मग ती माळ्यावर गेली.

पुढच्या महिन्यात वहिनी त्या दिवसांतही स्वयंपाकघरात आल्या. आक्कांनी बघितलं. म्हणाल्या, "देवघरात जाऊ नको म्हंजे झालं." आता त्यावर चाललंय. दोघी समोरासमोर भांडतात. मोठ्यानं भांडतात. मांजरांना त्यातून सुट्टी मिळालीय.

पिल्लं मोठी झाली, गोडाऊनमध्ये जातात. मनीचं त्यांच्यावर प्रेमबीम काही नाही. तांबडं ताटलीत पाय घालतं आणि ती तोंड बाजूला घेते. गल्लीतल्या कोणी नवं पिल्लू आणलं की आता आमच्याकडे विचारायला येतात. आप्पा सांगतात, समोरासमोर बसवा, पण आधी इंजेक्शन घेऊन ठेवा. आक्का सांगतात, सगळं स्वच्छतेवर हाय. महेशदादा सांगतात, मी कोंडलं म्हणून जमलं. ते सांगताना त्यांच्या आवाजात जो भरवसा असतो तो मी दुकानाच्या बाबतीतही कधी ऐकलेला नाही.

मला कोणी विचारत नाही, म्हणून इथं लिहिते. जुन्या मांजरांच्या घरात नवी पिल्लं आणायची असतील तर घरातल्या सगळ्या माणसांना दिवसभर पुरेल असं दुसरं काम लावून द्यावं. पूजा चालेल, बारसं चालेल. माणसं कामात गुंतली की मांजरं आपापलं बघून घेतात.

सुनेचं तेवढ्यावर भागत नाही. तिथं कोणीतरी उठून दारापर्यंत जावं लागतं.